दोन सेलचा संसार

टेबलाचा सगळ्यात खालचा खण आवरायला काढला आणि जुन्या वायरींच्या गुंत्याखाली ते सापडलं. तळहाताएवढं, करड्या रंगाचं, कडेच्या खाचेत प्लॅस्टिकची काडी खोचलेली. मोबाइलने सगळं गिळंकृत करायच्या आधी ज्याला इलेक्ट्रॉनिक ऑर्गनायझर म्हणायचे, ते. मागचं झाकण नखाने सरकवलं तर आत दोन सेल तसेच, आणि स्प्रिंगवर बुरशी यावी तशी पांढरी, भुसभुशीत भुकटी साचलेली. यंत्र वापरायचं नसेल तर आधी सेल काढून ठेवावेत, हे मी आजवर कितीजणांना ऐकवलंय. आणि नेमका स्वतः विसरलो. तेही विसरायला होऊ नये म्हणून घेतलेल्या यंत्राच्या बाबतीत!

या यंत्राचे सेल वाचवण्यात माझी तीन-चार वर्षं गेली, असं म्हटलं तर घरचे हसतील, पण नाही म्हणणार नाहीत.

त्याआधी डिजिटल डायरी होती. तिला नाण्यासारखे चपटे सेल लागायचे, सीआर २०३२. व्यास २० मिलिमीटर, जाडी ३.२; नावातच माप. ते महिनोन् महिने चालायचे, त्यामुळे त्यांची काळजी करायची सवयच लागली नाही. काळजी सुरू झाली ती हे काडीने लिहायचं यंत्र आल्यावर. तशी यंत्रं आधीपासून निघत होती. ॲपलचं न्यूटन १९९३ मध्ये आलं, त्यात रिमोटमध्ये घालतात तसले चार बारके सेल. मग १९९६ मध्ये पायलट आलं, ज्याला पुढे सगळे पाम म्हणू लागले. त्यात तसलेच सेल, पण दोनच. दोन सेलवर संसार करायचा तर काटकसर जन्मापासूनच हवी. प्रोसेसर १६ मेगाहर्ट्झचा. पडदा १६० बाय १६० ठिपक्यांचा, रंग नाहीत, आणि पहिल्या पायलटला तर दिवाही नव्हता. बाहेरचा उजेड परतवून जे दिसेल ते. ते घडवणारे जेफ हॉकिन्स आधी लाकडाचा एक ठोकळा खिशात घालून हिंडत आणि गरज पडली की तो काढून त्यावर काडीने लिहिल्याचं नाटक करत, खिशात किती मावतं आणि हाताला कसं वाटतं ते बघायला. बॅटरी टिकण्याच्या दृष्टीने मला तेच सर्वोत्तम मॉडेल वाटतं.

माझ्याकडे आलेलं यंत्र त्यानंतरचं, दिव्याचं. आणि तिथेच घोळ झाला.

दिवा लावायचा म्हणजे चालू-बंदचं बटण दोनेक सेकंद दाबून धरायचं. पडद्यामागे हिरवट उजेड पसरायचा, इतका देखणा की पहिल्या आठवड्यात मी कारण नसतानाही तो लावून बघत बसायचो. त्या आठवड्याअखेर बॅटरीची खूण निम्म्यावर आली. मग दिवा बंद, कायमचा. त्याऐवजी मी खिडकीजवळ जाऊन यंत्र तिरकं धरू लागलो, वर-खाली, डावीकडे-उजवीकडे, जिथून अक्षरं उठून दिसतील तो कोन सापडेपर्यंत. बघणाऱ्याला वाटावं, हा माणूस यंत्राचा वास घेतोय.

पण खरा खर्च दिव्याचाही नव्हे, हे मला पुढे उमगलं. असलं यंत्र बंद केलं तरी बंद होत नाही. त्यातल्या सगळ्या नोंदी, पत्ते, फोन नंबर, भेटीच्या वेळा, साध्या रॅममध्ये असत, आणि रॅमला वीज मिळते तोवरच आठवतं. म्हणजे पडदा कोरा झाला तरी आत एक जीव जागा असतो: घड्याळ चालू ठेवतो, नोंदी धरून ठेवतो, गजर कधी वाजवायचा ते पाहतो. अभियंत्यांनी त्याच्या तीन अवस्था ठरवल्या होत्या, गाढ झोप, डुलकी आणि काम. आपण लिहीत असतानाही ते बहुतेक वेळ डुलकीतच असतं. एक अक्षर उमटलं, डोळा मिटला. पुढची रेघ आली, डोळा उघडला. शेवटच्या बाकावर पेंगणारा मुलगा नाव पुकारताच 'हजर' म्हणतो ना, तसं. मला हे कळल्यावर त्या यंत्राबद्दल जरा माया वाटू लागली, आणि मायेपाठोपाठ चिंता.

मग नियम आले. आपोआप बंद होण्याची वेळ दोन मिनिटांवरून एकावर. इन्फ्रारेडने, म्हणजे अदृश्य किरणांनी, दुसऱ्याच्या यंत्रातून नोंद घेण्याची सोय बंद, कारण ती चालू असली की यंत्र सारखं कान देऊन बसतं (आणि त्या काळात मला नोंद पाठवणारं होतं तरी कोण?). बटणांचे टिकटिक आवाज बंद. कॉम्प्युटरशी जोडायची एक बैठक मिळाली होती, तिला क्रेडल म्हणत. क्रेडल म्हणजे पाळणा, म्हणून मी रात्री यंत्र त्यात ठेवून निश्चिंत झोपायचो. तो पाळणा कॉम्प्युटरकडून वीज घेऊन बाळाला पाजत असेल, असा माझा समज. प्रत्यक्षात उलटं होतं. सेलवर चालणाऱ्या यंत्रांना त्या पाळण्यातून थेंबभरही वीज मिळत नसे, आणि जोडणी जागी ठेवण्यापायी सेलच उतरत. हे कळेपर्यंत दोन जोड्या गेल्या.

बॅगेतला प्रकार तर वेगळाच. पुढच्या चार बटणांपैकी कुठलंही दाबलं की यंत्र जागं व्हायचं. बॅगेत पुस्तकाचा कोपरा त्यावर टेकायचा आणि चालताना दर धक्क्याला दिनदर्शिका उघडायची. एक मिनिटाने ती मिटते न मिटते तोच पुढचा धक्का. मी दिवसभर कामात, आणि हे अंधारात एकटंच आजची तारीख दाखवत बसलेलं. शेवटी पुठ्ठ्याचं कव्हर केलं, बटणांच्या जागी आतून खोलगट. ते कव्हर बरोबर बसेपर्यंत तीन पुठ्ठे वाया गेले. माझ्या हातून झालेली एवढी एकच वस्तू मला अजून आवडते.

सेल कुठले घालायचे, हाही एक अभ्यासच. अल्कलाइन सेल नवा असताना दीड व्होल्टचा, आणि वापरता वापरता हळूहळू उतरतो. त्यामुळे पडद्यावरची खूण बऱ्यापैकी खरं बोलते. रिचार्जेबल, म्हणजे निकेल-मेटल हायड्राइडचे, मुळातच सव्वा व्होल्टच्या आसपास. ते घातले की यंत्र पहिल्या दिवसापासून कुरकुरायचं, आणि खरोखर संपायची वेळ आली की पायरीवरून पाय घसरावा तसे एकदम बसायचे. शिवाय त्या काळातले हे सेल नुसते पडून राहिले तरी रिते व्हायचे. थेंब थेंब पिणाऱ्या यंत्राला भोक पडलेली बादली काय कामाची? मी अल्कलाइनवर परतलो. त्याहून जुन्या निकेल-कॅडमियम सेलना मेमरी इफेक्ट असतो म्हणत. अर्धवट वापरून पुन्हा पुन्हा चार्ज केले तर त्यांना तेवढाच पल्ला आठवतो. मला याचं फार हसू यायचं. ज्या सेलने विसरायला हवं त्याला आठवतंय, आणि ज्या यंत्राने लक्षात ठेवायचं ते सेलविना ठार विसरभोळं.

यंत्राने नाकारलेले सेल फेकायचे नाहीत, हा आणखी एक नियम. थोडा वेळ विसावले की त्यांचा व्होल्ट जरा वर चढतो, आणि टीव्हीच्या रिमोटला तेवढं पुष्कळ होतं. आमच्या घरी रिमोटला बरीच वर्षं नवा सेल ठाऊक नव्हता. मधूनच बटण दाबून काही होत नसे, तेव्हा मागून अंगठ्याने सेल जरा फिरवायचे. घरच्यांचा राग रिमोटवर नसून माझ्यावर आहे, हे मला उशिरा कळलं.

पण सगळ्यात वाईट सवय मला स्वतःलाच लागली. यंत्र वारंवार उघडायला नको म्हणून मी दिवसभराच्या नोंदी एका चिठ्ठीवर टिपायला लागलो. फोन नंबर, कुणाला काय सांगायचं, कधी जायचं, सगळं चिठ्ठीवर. रात्री चांगल्या उजेडाखाली बसून, एका दमात, यंत्रात उतरवायचं. कागदाची कटकट संपावी म्हणून घेतलेलं यंत्र, आणि त्याची वीज वाचावी म्हणून पुन्हा कागद. हे मला तेव्हा जराही विचित्र वाटलं नाही. उलट जोडी पाच आठवडे टिकली तेव्हा मी ते कॅलेंडरवर लिहून ठेवलं. भिंतीवरच्या.

सेल बदलायचे तो मात्र सोहळाच असायचा. जुने काढल्यापासून नवे घालेपर्यंत यंत्राला जगवायचं काम थोडीशी वीज साठवणाऱ्या आतल्या एका कपॅसिटरवर, आणि त्याची पुंजी जेमतेम मिनिटभराची. तेवढ्यात जमलं नाही तर सगळं पुसलं जाणार. मी सुरुवातीला एकेक करून बदलायचो, म्हणजे एक तरी आत राहील. सेल एकापाठोपाठ जोडलेले असतात, एक काढला की साखळी तुटलीच, हे नंतर सुचलं. मग पद्धत बसली: नवे सेल वेष्टणातून काढून, अधिक-उणे बाजू बघून, टेबलावर तशाच क्रमाने मांडायचे. फोन आला तर कुणीतरी घ्यायचा. झाकण काढायचं, श्वास रोखायचा. एक हात जुन्यांवर, एक नव्यांवर. माझ्या मोजणीने सतरा सेकंदांच्या पुढे मी कधी गेलो नाही. एकदाच एक सेल निसटून टेबलाखाली गडगडला, तेव्हा मी त्याच्यामागे असा झेपावलो की कपाळावर टेंगूळ आलं. नोंदी वाचल्या.

आणि इतकं करून त्या गेल्या, त्या कशा, तर मी तीन आठवडे बाहेर होतो म्हणून. निघताना खूण तळाला होती. म्हटलं, आल्यावर बदलू. यंत्राने मध्ये कधीतरी 'बॅटरी कमी आहे' असा इशारा दिलाही असेल, रिकाम्या खोलीत, बंद खणाला. परत येऊन नवे सेल घातले तर पडद्यावर एक बारीक फुली आली आणि तिच्या मध्यावर काडी टेकवायला सांगण्यात आलं. नव्या यंत्राची पहिली ओळख असते ती. दुसऱ्या कोपऱ्यात दुसरी फुली. ज्याला मी सतरा सेकंदांत जगवत होतो, ते माझा हात कुठे पडतो ते पहिल्यापासून शिकत होतं.

कॉम्प्युटरवर प्रत होती, पण चार महिन्यांपूर्वीची. पाळणा सेल खातो म्हणून मी जोडणंच कमी केलं होतं ना. त्या चार महिन्यांत काय काय लिहिलं होतं, हे आठवायलाही तेच यंत्र हवं होतं. चिठ्ठ्या रात्री उतरवून झाल्या की मी फाडून टाकायचो.

पुढे हा प्रश्नच संपला. १९९९ च्या पाम ५ मध्ये लिथियम बॅटरी आतच बसवली, पामच्याच २००४ च्या टंगस्टन टी ५ पासून नोंदी फ्लॅश मेमरीत जाऊ लागल्या. वीज गेली तरी आठवण जात नाही. आता खिशातला फोन रोज रात्री चार्जिंगला लावतो. मध्येच कुतूहल म्हणून हिशोब केला: फोनच्या पाच हजार मिलिअँपिअर-अवरच्या बॅटरीत त्या दोन बारक्या सेलच्या साधारण सहापट ऊर्जा असते. दोन सेल मी महिनाभर पुरवायचो, हे सहापट एका दिवसात उडवतो. अर्थात तेव्हा यंत्र मला भेटीची वेळ सांगायचं, फोन काय काय सांगत असतो ते विचारू नका.

तर ती पांढरी भुकटी. सेलमधला क्षार झिरपून हवेशी मिळाला की ती जमते. तिला व्हिनेगर चालतं. कापसाच्या काडीला थेंबभर लावलं की बारीक फसफसते आणि निघते. मग दुसऱ्या, पाण्याने जेमतेम ओलसर काडीने पुसून कोरडं होऊ दिलं. एका स्प्रिंगवर हिरवट डाग राहिला, तो बारीक पॉलिश पेपरने घासला. नवे सेल आणले होतेच. या वेळी घाई करायचं काही कारण नव्हतं, आत जपण्यासारखं काही उरलंच नव्हतं, तरी सेल मी आधी टेबलावर अधिक-उणे बघून मांडले.

पडदा उजळला नाही, पण करडा झाला. फुली आली. टेकवली. दुसरी फुली आली, तीही टेकवली. मग रिकामी दिनदर्शिका, रिकामे पत्ते, रिकाम्या नोंदी. आता ह्यात मी काहीही लिहिणार नाही, हे मलाही ठाऊक, त्यालाही. काडीने सेटिंग उघडलं आणि आपोआप बंद होण्याची वेळ दोन मिनिटांची एक केली.