अठरा दीड सत्तावीस

कन्सल्टिंग कंपनीच्या मुलाखतींत पहिल्या वेळी पार्टनर राउंडला, म्हणजे कंपनीच्या भागीदारांसमोरच्या शेवटच्या फेरीला, पोचले तेव्हा मी 1.8 बिलियनचे 15 टक्के 27 मिलियन काढले. समोरचे पार्टनर काहीच बोलले नाहीत. पेनाचं टोपण उघडलं, लावलं, पुन्हा उघडलं. उत्तर 270 मिलियन होतं हे मला खाली जाताना लिफ्टमध्ये कळलं. तोवर त्या आकड्याच्या जोरावर मी एक अख्खी कंपनी विकत घ्यायचा सल्ला देऊन बसले होते. दोन दिवसांनी नकाराचा फोन आला, आणि पुढची दोन वर्षं इथे अर्ज करता येणार नाही हेही सांगितलं.

त्यानंतर दीड वर्षाने दुसऱ्या एका कंपनीत पुन्हा तिथवर पोचले आणि ऑफर मिळाली. हे आधीच सांगून टाकते, उगाच कुणाचा जीव टांगणीला नको.

मी एमबीए नाही. चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात सप्लाय चेनमध्ये सहा वर्षं काढली. कॅम्पसवरच्या मुलांना सीनियर असतात, क्लब असतो, केसबुकं, म्हणजे सरावाच्या केसचे संग्रह, हातोहात फिरतात. आमचा चौघांचा व्हॉट्सअॅप ग्रुप होता. सगळे नोकरीवाले, रात्री दहानंतर एकमेकांच्या केस घेणारे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: केस म्हणजे समोरचा एखाद्या धंद्याची अडचण मांडतो आणि तुम्ही अर्ध्या तासात प्रश्न विचारत, कागदावर अडचणीच्या झाडासारख्या फांद्या पाडत, तोंडी हिशेब करत सल्ल्यापर्यंत यायचं. सगळं मोठ्याने बोलत.

पहिल्या वेळी मी सत्तर केस केल्या होत्या. एक्सेलमध्ये नोंद, प्रत्येकीला दहापैकी गुण. तिथेच घोळ झाला असं आता वाटतं. पन्नासनंतर मी केस ऐकायचंच सोडलं होतं. पहिल्या दोन वाक्यांत ‘ही नफा घटल्याची’, ‘ही नव्या बाजाराची’ असा शिक्का मारायचा आणि पाठ केलेलं झाड कागदावर उतरवायचं. सुरुवातीच्या फेऱ्यांत हे खपतं. पार्टनर बहुतेकदा छापील केस घेऊन बसत नाहीत. कालपरवाच्या कामातलं काहीतरी सांगतात, मध्येच तोडतात, ‘मला नाही पटत’ म्हणतात. सत्तर केसमध्ये मला एकदाही कुणी ‘नाही पटत’ म्हटलं नव्हतं. ग्रुपवर आम्ही एकमेकांशी फार गोड वागायचो.

नकारानंतर आठवडाभर घरात मी कुणाशी धड बोलले नाही. शेवटी आईने विचारलं, नेमकं चुकलं काय? ती जिल्हा परिषदेच्या शाळेत तीस वर्षं शिकवून निवृत्त झालेली. मी आकडे सांगितले. ती क्षणात म्हणाली, “अठरा दीड सत्तावीस. बरोबरच तर आलं होतं तुझं.”

“शून्यं चुकली.”

“मग शून्यांचा अभ्यास कर. बाकी कशाला रडतेस?”

पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दीडकी, अडीचकी हे पाढे आईला अजून धडाधड येतात. मी ते कधीच शिकले नव्हते. दुसऱ्या वेळी रोज सकाळी भाजी चिरताना तिने ते माझ्याकडून घोकून घेतले. पंधरा टक्के काढताना दीडकी, पंचाहत्तर टक्क्यांना पाऊणकी. शून्यांचा उपाय मात्र वेगळा निघाला. मी विचार करते लाख-कोटीत आणि बोलते मिलियन-बिलियनमध्ये. घाबरले की या दोहोंमधला पूल आधी कोसळतो. म्हणून 1 कोटी म्हणजे 10 मिलियन, 1 बिलियन म्हणजे 100 कोटी, हे कागदाच्या कोपऱ्यात आधीच लिहून ठेवायचं. आणि समोरच्याला सरळ विचारायचं, आपण कोटीत बोलूया का? आजवर कुणी नाही म्हटलेलं नाही.

आईचा दुसरा उपयोग मला अपेक्षित नव्हता. एका रविवारी ग्रुपमधलं कुणीच मोकळं नव्हतं, म्हणून मी तिलाच केस घ्यायला बसवलं, मराठीत. मी फांद्या पाडत होते, उत्पन्न, खर्च, खर्चात स्थिर आणि बदलता. ती दर दोन मिनिटांनी म्हणायची, “बरं, मग?” पाचव्या ‘मग’ला मी चिडले. रात्री लक्षात आलं, कन्सल्टिंगवाले ज्याचा एवढा बाऊ करतात तो ‘सो व्हॉट’ हाच. इंग्रजीत मी मोठमोठ्या शब्दांच्या आडोशाला लपू शकत होते. मराठीत आईसमोर नाही.

मग ग्रुपला सांगितलं, आता गोड बोलणं बंद. आठवड्याला तीनच केस, पण प्रत्येकीत बिघाड करायचा. तिसऱ्या मिनिटाला तोडायचं, माझं उत्तर ऐकून गप्प बसायचं, बरोबर आकड्यालाही ‘नक्की का?’ विचारायचं. पहिल्या दोन वेळा माझी बोबडी वळली. चौथ्या वेळी ती शांतता मला जरा कमी लांब वाटली. रेकॉर्डिंग ऐकल्यावर आणखी एक लाज वाटणारी गोष्ट कळली: घाबरले की मी गप्प बसत नाही, उलट सुसाट सुटते. म्हणून एक वाक्य ठरवून टाकलं, “मला अर्धा मिनिट द्या, लिहून घेते.” ते इतक्यांदा म्हटलं की डोकं बंद पडलं तरी तोंडातून आपोआप यायला लागलं.

धडधडीचं काय? ती गेली नाही. 2014 साली हार्वर्ड बिझनेस स्कूलच्या अॅलिसन वुड ब्रुक्स यांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला होता. गाणं, भाषण किंवा गणित यांच्या आधी ‘मी शांत आहे’ असं स्वतःला बजावणाऱ्यांपेक्षा ‘मी एक्सायटेड आहे’ म्हणणाऱ्यांना ते जास्त चांगलं जमलं. कारण छाती दोन्हीकडे सारखीच धडधडते; भीतीला शांत करण्यापेक्षा तिचं नाव बदलणं सोपं. मी स्वयंपाकघरात हे मोठ्याने म्हणून पाहिलं तर आई हसायला लागली. मराठीत त्याला नेमका शब्द सापडेना. उत्साह फार शाळकरी, उत्तेजित तर नकोच. शेवटी ‘हुरूप आलाय’ यावर आमचं एकमत झालं. उपयोग किती झाला देव जाणे, पण म्हणताना हसू यायचं, तेवढ्याने खांदे सैल पडायचे.

मुंबईतल्या मुलाखतीआधीचे शेवटचे दोन दिवस एकही केस केली नाही. डोंबिवलीच्या मावशीने आदल्या रात्री मुक्कामाला ये म्हणून फार आग्रह केला, पण तिथे पाचजण ‘झाली का तयारी?’ विचारणार, म्हणून सकाळची डेक्कन क्वीन धरली. चहा एकच. घाट उतरण्याआधी मंकी हिलला गाडी ब्रेक तपासायला थांबते; लोक उगाच घड्याळ बघतात. तिथे मी श्वास मोजले, चार आकड्यांत आत, सहा आकड्यांत बाहेर. दादरला उतरले तेव्हा हात गार होते, पण डोकं जागेवर होतं.

केस निघाली दुधाची. तपशील थोडे बदलून सांगते. एका दूध संघाचं संकलन वाढतंय, नफा घटतोय, का? आणि इथे मी जवळजवळ घसरले, कारण मला उत्तर माहीत होतं! मामाच्या गोठ्यामुळे पुष्टकाळ (जास्त दुधाचे दिवस) आणि कृशकाळ (कमी दुधाचे) लहानपणापासून कानावर. थंडीत दूध वाढतं, पिशवीचा खप तेवढाच राहतो, उरलेल्याची भुकटी आणि लोणी करावं लागतं, आणि भुकटीचे भाव पडलेले असले की लिटरमागे तोटा. मी धाडकन “भुकटी!” म्हणून मोकळी झाले. पार्टनरबाई थंडपणे म्हणाल्या, “कशावरून?”

अर्धा मिनिट मागितला. मग नीट मांडलं. दूध कुठून येतं, फॅट-एसएनएफवर, म्हणजे दुधातल्या स्निग्धांशावर आणि बाकीच्या घन घटकांवर, भाव कसा ठरतो, कुठे कुठे जातं, आणि प्रत्येक वाटेवर लिटरमागे किती उरतं. त्यांनी आकडे दिले. थंडीत 6 लाख लिटर संकलन, पिशवीत 4 लाख, उरलेल्या 2 लाखांवर लिटरमागे 5 रुपये तोटा, असे 120 दिवस. मी म्हणाले, 120 कोटी.

त्या गप्प. तीच शांतता, फक्त पेन नव्हतं.

या वेळी मी ती भरायला धावले नाही. “थांबा, पुन्हा बघते. दिवसाला 10 लाख. दहा दिवसांचे 1 कोटी. म्हणजे 120 दिवसांचे 12 कोटी. एक शून्य जास्त झालं.” त्या म्हणाल्या, “हं. मग?” अगदी आईच्या सुरात. मला हसू आलं, आणि नंतरची वीस मिनिटं मी परीक्षा देत नव्हते, एका बाईंशी दुधाबद्दल बोलत होते.

दुसऱ्या पार्टनरनी केस घेतलीच नाही. कारखान्यात कुणाशी भांडण झालं होतं का, ते कसं मिटवलं, एवढ्यावरच पाऊण तास. यासाठी मी जवळजवळ काही तयारी केली नव्हती आणि ते दिसलं असणार. पाल्हाळ लावलं, शेवटी काय झालं ते सांगायलाच विसरले, त्यांना विचारावं लागलं. केसच्या नादात हा भाग सगळेच दुर्लक्षित ठेवतात. कुणी तयारी करत असाल तर नोकरीतले चार-पाच प्रसंग आधी कुणाला तरी तोंडी सांगून बघा, दोन मिनिटांत शेवटापर्यंत पोचता येतं का ते.

कच्चे कागद तिथेच ठेवून घेतात. परतीच्या गाडीत ते झाड मी डायरीत पुन्हा काढलं. कर्जतला घाट चढायला मागून इंजिनं लागेपर्यंत एक वडा खाऊन झाला होता आणि एक सुटलेली फांदीही सापडली होती: पुष्टकाळातलं दूध टँकरने दुसऱ्या संघाला विकता येतं का, हे मी विचारलंच नव्हतं. मामाचा संघ दरवर्षी तेच करतो.

आईला फोन लावला, पण ‘हॅलो’ म्हणेपर्यंत बोगदा आला.