रिलीजच्या दिवशी लाल झालेलं बिल्ड

आमचा सी प्लस प्लसचा जुना, भलामोठा प्रोजेक्ट आहे आणि त्यात वेरर (-Werror) हा कंपायलरचा फ्लॅग कायम चालू असतो, म्हणजे एक जरी वॉर्निंग आली तरी कंपाइल थांबणार. कोडची एक ओळही न बदलता आम्ही फक्त जीसीसी या कंपायलरच्या 7 व्हर्जनवरून 8 वर गेलो आणि सकाळी येऊन बघतो तर रात्रीचं बिल्ड लाल, म्हणजे फेल. वॉर्निंग चालू करणाऱ्या वॉल (-Wall) फ्लॅगच्या नावात 'सगळ्या' (ऑल) असलं तरी त्यातली वॉर्निंगची यादी व्हर्जनगणिक बदलते, 8 मध्ये त्यात क्लास-मेमअ‍ॅक्सेस नावाची नवीन भर पडली होती, साध्या नसलेल्या क्लासच्या मेमरीवर मेमसेटसारख्या फंक्शनने थेट लिहिलं की ती येते.

रिलीज त्याच दिवशी. लीड म्हणाला, "अरे, वेरर काढून टाक ना आत्तापुरतं." मी दुपारपर्यंत वेळ मागितला, कारण असा आत्तापुरता काढलेला फ्लॅग परत लावायला कोणाला सवड होत नाही हे मी आधी पाहिलंय.

पहिल्या एररला बिल्ड थांबलं की पुढचं काहीच दिसत नाही, म्हणून मेक या बिल्ड चालवणाऱ्या टूलला के ऑप्शन (एरर आली तरी पुढे चालत राहा) देऊन सगळं चालवलं आणि लॉगमधून फाइल आणि ओळ धरून डुप्लिकेट काढले. बहुतेक सगळी ओरड बाहेरच्या लायब्ररीच्या एकाच हेडरची निघाली, शेकडो फाइलींत इन्क्लूड झालेलं. त्याचा पाथ आयसिस्टम ऑप्शनने दिला, मग कंपायलर त्याच्या वॉर्निंग दाखवत नाही, विषय संपला. आमच्या कोडमधल्या उरल्या त्या एकेक करून वाचल्या, काही निरुपद्रवी होत्या, क्लासला नुसता कन्स्ट्रक्टर आणि आत चार इंट.

आणि मग ती एक सापडली. रेकॉर्डचं स्ट्रक्ट, रिकामं करायला मेमसेट, म्हणजे त्याच्या सगळ्या बाइट सरळ शून्य. कधीकाळी त्यात नावासाठी कॅरेक्टर अ‍ॅरे होता तेव्हा ते बरोबरच होतं, नंतर कुणीतरी त्याचं एसटीडी स्ट्रिंग (स्वतःची मेमरी स्वतः सांभाळणारा मजकुराचा क्लास) केलं आणि मेमसेट तसंच राहिलं. जीसीसीच्या लायब्ररीत स्ट्रिंगच्या आत एक पॉइंटर (मेमरीतला पत्ता) असतो, 15 अक्षरांपर्यंतचा मजकूर असेल तर तो स्ट्रिंगच्याच आतल्या बफरकडे बोट दाखवतो. मेमसेटने तो पॉइंटर शून्य. पुढे नाव भरलं तर कपॅसिटीही शून्य दिसते म्हणून नवी मेमरी घेतली जाते आणि सगळं सुरळीत चालतं! पण नाव रिकामं आलं की नवी मेमरी घ्यायची गरजच नाही, शेवटचा नल कॅरेक्टर थेट शून्य पत्त्यावर लिहिला जातो आणि प्रोसेस खलास. वर 15 पेक्षा लांब नावाचं रेकॉर्ड परत वापरलं की जुनी मेमरी लीक, म्हणजे ती कधी मोकळीच होत नाही, ते वेगळंच.

कस्टमरकडचा एक क्रॅश आम्ही कितीतरी महिने शोधत होतो, शेवटी 'रिप्रोड्यूस होत नाही' लिहून बंद केला होता. टेस्ट डेटात रिकामं नाव कधी टाकलंच नव्हतं ना. टाकलं, पहिल्याच रनला सेगफॉल्ट (चुकीच्या पत्त्यामुळे क्रॅश), स्टॅक ट्रेस, म्हणजे क्रॅशच्या वेळी चालू असलेल्या फंक्शनची साखळी, हुबेहूब तोच. हात थरथरले माझे.

मेमसेट काढून नवीन रिकामं ऑब्जेक्ट असाइन केलं. निरुपद्रवी जागा असलेल्या मॉड्यूलना तेवढ्या एकाच वॉर्निंगपुरतं नो-एरर दिलं, म्हणजे ती दिसत राहील पण बिल्ड अडणार नाही, आणि प्रत्येकाचं तिकीट टाकलं. बाकी वेरर जसंच्या तसं. रिलीज संध्याकाळी गेलं, मग ते जुनं तिकीट परत उघडलं आणि कारण सविस्तर लिहिलं.