मिशनरी शाळेत शिकूनही मराठी?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. प्रश्न मला नवा नाही. मी मुद्रितशोधनाचं काम करते. पहिल्यांदा भेटणारा लेखक आधी माझं नाव वाचतो, मग मी केलेल्या खुणा बघतो आणि मग विचारतो, "तुम्ही ख्रिस्ती, म्हणजे मिशनरी शाळेत शिकलेल्या असणार. मग तुमचं मराठी इतकं चांगलं कसं?" विचारणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं. त्याच्या डोळ्यांपुढे गणवेशातला टाय, इंग्रजीतली प्रार्थना आणि शहरातलं मोठं कॉन्व्हेंट असतं. माझ्या डोळ्यांपुढे कौलारू चार खोल्या येतात. उत्तर द्यायला वेळ लागतो तो त्यामुळे. आज सवडीने देते.

मी वसईची, रेल्वे रुळांच्या पश्चिमेकडच्या वाड्यांतली. केळी, पानवेली, मोगरा, प्रत्येक दोन-चार घरांमागे एक बावखल, म्हणजे गोड्या पाण्याचं तळं. आमच्या गावात चर्चच्या आवारातच प्राथमिक शाळा होती, पहिली ते चौथी, प्रत्येक इयत्तेचा एकच वर्ग. चर्चचे फादर शाळेचे व्यवस्थापक. शिक्षकांचे पगार सरकारी अनुदानातून यायचे, पण कौलं फुटली, बाकाचा पाय मोडला की खर्च गावाचा. पावसाळ्याआधी कुणाचा तरी बाप शिडी घेऊन यायचा आणि कौलं चाळायचा. मी १९७९ साली पहिलीत गेले तेव्हा चारी वर्गांत मिळून शंभराच्या आसपास मुलं होतो. आणि शाळा मराठी होती. सरकारच्या नियमाप्रमाणे मराठी शाळेत तेव्हा इंग्रजी पाचवीपासून असे. चौथी संपेपर्यंत मी ए-बी-सी-डी गिरवलीसुद्धा नव्हती. मिशनरी शाळा म्हणजे इंग्रजी शाळा हे समीकरण आमच्या पट्ट्यात कधी बसलंच नाही. गावोगावच्या चर्चनी शाळा काढल्या त्या गावाच्या मुलांसाठी, आणि गाव मराठी होतं.

मराठी म्हणताना मात्र मी जरा थांबते. घरी आम्ही जे बोलायचो ते पुस्तकातलं मराठी नव्हतं. आम्ही कुपारी, म्हणजे वसईतल्या कॅथलिक ख्रिस्ती समाजातले, आमची बोली कादोडी. तिला सामवेदीही म्हणतात, कारण आमच्या शेजारचे सामवेदी ब्राह्मण तीच बोली बोलतात. देव वेगळे, जिभा एक. या बोलीत 'च'चा 'स' होतो आणि 'स'चा 'ह'. पहिलीतलं मूल आकडे म्हणू लागलं की चारच्या जागी 'सार' आणि सातच्या जागी 'हात' यायचं. आमच्या पहिलीच्या बाई स्वतः आमच्याच पट्ट्यातल्या. त्यांनी कधी "चूक" म्हटलं नाही. त्या म्हणायच्या, "घरी हात, शाळेत सात. दोन्ही पाठ पाहिजेत." मग एकदा घरचे आकडे, एकदा शाळेचे. आम्ही दोन्ही सुरांत ओरडायचो आणि तो आवाज शेताच्या बांधापर्यंत जायचा.

हे किती मोठं होतं ते मला पुढे हायस्कुलात कळलं. तिथे एका शिक्षकांनी माझा 'ह' ऐकून सगळ्या वर्गाला पुन्हा ऐकवला. वर्ग हसला. त्यानंतर वर्षभर मी वर्गात तोंड उघडलं नाही. त्या शाळेचं नाव मी घेणार नाही. इतकंच सांगते की प्राथमिक शाळेच्या पायावर मी उभी होते म्हणून तिथे कोसळले नाही. माझी बोली हा माझा दोष नाही, हे मला सहाव्या वर्षीच कुणीतरी शिकवून ठेवलं होतं.

आता शाळेचा दिवस. सकाळी प्रार्थना, मग प्रतिज्ञा, मग पाढे. घड्याळ एकच, मुख्याध्यापकांच्या टेबलावर, पण त्याची गरज पडत नसे. दुपारी बाराला चर्चची घंटा व्हायची. घंटा झाली की पाढ्यातला आकडा अर्धा सोडून सगळे उभे राहायचे. ख्रिस्ती मुलं मारियेची प्रार्थना म्हणायची, बाकीची मुलं नुसती शांत उभी राहायची. आमच्या वर्गात भंडाऱ्यांची, वाडवळांची मुलं होती, दोन-तीन सामवेदी ब्राह्मणांची होती. धर्मशिक्षणाच्या तासाला ती दुसऱ्या खोलीत नीतिशिक्षणाला जायची. आम्हांला त्यांचा हेवा वाटायचा, कारण तिथे गोष्टी जास्त असत. कार्तिकात निर्मळची जत्रा भरली की अर्धी शाळा रिकामी व्हायची. त्यात ख्रिस्ती मुलंही असायची, आणि दुसऱ्या दिवशी प्रत्येकाच्या दप्तरात जत्रेतली सुकेळी, म्हणजे सुकवलेली केळी. बाई हजेरी घेताना काही विचारायच्या नाहीत. त्यांनीही घेतलेली असायचीच.

आणि फेब्रुवारीत संत गोन्सालो गार्सियाची गोष्ट. हा वसईत जन्मलेला मुलगा, आई इथली, बाप पोर्तुगीज. तरुणपणी जपानला गेला, तिथली भाषा शिकला, पुढे फ्रान्सिस्कन संघात ब्रदर झाला आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीला क्रुसावर मारला गेला. १८६२ साली त्याला संतपद मिळालं. भारतात जन्मलेला पहिला संत. फादर ही गोष्ट दरवर्षी सांगायचे आणि दरवर्षी एक वाक्य ठासून सांगायचे : तो तिथल्या लोकांशी त्यांच्या भाषेत बोलला. मला ते वाक्य क्रुसापेक्षा जास्त लक्षात राहिलं.

पण तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर तिसरी-चौथीत आहे.

तिसरीत प्रथम ख्रिस्तप्रसादाची, म्हणजे चर्चमध्ये पहिल्यांदा प्रसादाची भाकर घेण्याच्या विधीची, तयारी सुरू होते. त्याआधी प्रायश्चित्त घ्यायचं असतं, फादरपुढे आपल्या चुका कबूल करायच्या असतात. म्हणजे आठ वर्षांच्या मुलीला तो शब्द आधी लिहिता आला पाहिजे. प्रायश्चित्त. 'श'ला 'च' जोडायचा, पुढे 'त'ला 'त'. मग पुनरुत्थान. मग स्वर्गारोहण, कृपापूर्ण, पवित्र आत्मा, तारणारा, दृष्टान्त. बालभारतीच्या पुस्तकात हे शब्द यायला अजून कितीतरी वर्षं होती. आमच्या वह्यांत ते आले होते, कारण आमच्या आयुष्यात ते त्याच वर्षी घडणार होते. धर्मशिक्षणाच्या सिस्टर शुद्धलेखनाच्या शिक्षिका नव्हत्या, पण त्यांचं म्हणणं असं की देवाशी बोलायचे शब्द मोडके नकोत. 'पुनरुत्थान'मधला 'रु' ऱ्हस्व असतो हे मी तेव्हा शिकले. आजही कुणाच्या हस्तलिखितात तो दीर्घ दिसला की माझी पेन्सिल आपोआप थांबते.

शब्द आले, पण भाषा त्याने येत नाही. भाषा आली ती वाचनाने, आणि वाचन म्हणजे मनातल्या मनात नव्हे. आमच्याकडे मुलांच्या मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेत, बायबलमधलं पहिलं वाचन चौथीची मुलं करायची. मुलींना तेव्हा वेदीसेवक होता, म्हणजे वेदीवर फादरना मदत करता येत नसे. ती परवानगी रोमहून १९९४ साली आली. पण वाचन करता येई. म्हणून आम्हां मुलींना वाचनाचं फार अप्रूप.

चौथीच्या बाई तयारी करून घ्यायच्या ती शाळेत नाही, रिकाम्या चर्चमध्ये. मला वेदीजवळ उभं करायच्या आणि स्वतः चालत चालत थेट मागच्या शेवटच्या बाकावर जाऊन बसायच्या. माईक लावायचा नाही. मी बायबलमधल्या यशयाच्या पुस्तकातला उतारा वाचायला लागायचे. त्या तिथूनच म्हणायच्या, "ऐकू येत नाही गं." मी ओरडायचे. "ओरडू नको. ऐकू येऊ दे." यातला फरक समजायला मला दोन आठवडे लागले. स्वल्पविरामाला किती थांबायचं आणि पूर्णविरामाला किती, हे त्यांनी व्याकरणात शिकवलं नाही. चर्चच्या उंच छतावरून आपला आवाज परत यायला जेवढा वेळ लागतो, तेवढं पूर्णविरामाला थांबायचं. ते मोजमाप अजून माझ्या कानात आहे. हाताखालच्या मजकुरात विरामचिन्ह लावताना मी तेच ऐकते.

मग एक दिवस मी वैतागून विचारलं, बाई तुम्ही इतक्या मागे का बसता? त्या म्हणाल्या, "तिथे तुझी आजी बसते म्हणून."

माझी आजी लाल लुगडं नेसायची आणि खरंच शेवटच्या बाकांवर बसायची, कारण वाडीतलं काम आटोपून यायला तिला उशीर व्हायचा. तिला वाचता येत नव्हतं. तिच्यासारख्या कितीतरी बायका त्या बाकांवर. त्या चर्चला देऊळच म्हणायच्या. त्यांच्या तरुणपणी मिस्सा लॅटिनमध्ये व्हायची. व्हॅटिकनमध्ये भरलेल्या कॅथलिक धर्मगुरूंच्या दुसऱ्या परिषदेनंतर, म्हणजे साठच्या दशकाच्या शेवटाकडे, ती मराठीत आली. म्हणजे आजीने अर्धं आयुष्य जे गुडघे टेकून ऐकलं, त्यातलं तिला काही कळत नव्हतं, आणि जेव्हा कळायला लागलं तेव्हा ते तिला आम्हां पोरांच्या तोंडून कळत होतं. मी अडखळले तर तिचं वाक्य तुटणार होतं. हे एकदा समजल्यावर वाचन हा अभ्यास राहिला नाही.

रविवारी मी वाचलं. घरी आल्यावर आजी केळीची पानं कापत होती. ती काही म्हणाली नाही. रात्री जपमाळ झाल्यावर तिने 'सुवार्ता' मासिकाचा अंक माझ्यापुढे ठेवला आणि आमच्या बोलीत म्हणाली, आता हेही वाच. तेव्हापासून ती जाईपर्यंत, बारा वर्षं, मी तिला वाचून दाखवत होते. ती मध्येच अर्थ विचारायची. मी प्रमाण मराठीतलं वाक्य कादोडीत सांगायचे. अनुवाद हा शब्द मला माहीत नव्हता, पण काम तेच चाललं होतं.

म्हणून कुणी "मिशनरी शाळेत शिकूनही मराठी?" असं म्हटलं की मला त्यातला 'ही' खुपतो. शिकून'ही' नाही, तिथे शिकले म्हणूनच. फादर स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट धर्मगुरू गोव्यात साष्टीत आला, मराठी शिकला आणि त्याने हजारो ओव्यांचं ख्रिस्तपुराण रचलं. ते १६१६ साली छापून निघालं. चारशे वर्षांहून जुनी ही ओळख आहे. तरी २०२० च्या जानेवारीत उस्मानाबादला, म्हणजे आजच्या धाराशिवला, भरलेल्या त्र्याण्णवाव्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष म्हणून आमच्या वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो निवडले गेले तेव्हा काहींनी विरोध केलाच. धर्मगुरूचा आणि मराठीचा काय संबंध, असा त्या विरोधाचा एक सूर होता. दिब्रिटो अनेक वर्षं 'सुवार्ता'चे संपादक होते. माझ्या आजीपुढे रात्री मी जे वाचत होते ते त्यांच्या हाताखालून आलेलं होतं. मला तेव्हा राग आला नाही, वाईट वाटलं. आजी असती तर तिला हा प्रश्न समजलाच नसता. २०२४ च्या जुलैमध्ये दिब्रिटो गेले.

आता जे सांगायचं ते सांगायला जड जातं. शाळा आहे, पण तिच्या आवारात आता इंग्रजी माध्यमाची दुमजली इमारत उभी आहे आणि गावातली मुलं तिथे जातात. माझी मुलगीही तिथेच शिकली. मी मुंबईत नोकरीला जात होते, नवऱ्याचा आग्रह होता, सगळे तिकडेच चालले होते. ही कारणं खरी आहेत आणि तरीही पुरेशी नाहीत. ती मराठी बोलते, छान बोलते, पण आजीपुढे जे वाचलं ते तिला सलग वाचता येत नाही. एकदा तिने 'प्रायश्चित्त' हा शब्द असा काही लिहिला की मी वही मिटून ठेवली आणि बाहेर ओटीवर जाऊन बसले.

मराठीच्या चार खोल्यांपैकी दोनच भरतात. तिथे आता बरीचशी मुलं वारली पाड्यांवरची आहेत, काही बाहेरून कामाला आलेल्या माणसांची. गेली दोन वर्षं शनिवारी सकाळी मी तिथे वाचनाचा तास घेते. मुख्याध्यापिका माझ्याच वर्गातली मैत्रीण. सतरा मुलं येतात. पहिल्याच दिवशी तिसरीतली एक मुलगी पाड्यावरच्या बोलीत काही म्हणाली आणि शेजारचा मुलगा हसला. मी त्याला काही बोलले नाही. त्या मुलीला म्हटलं, हे तू मला शिकव. तिने तीन शब्द शिकवले. मी ते फळ्याच्या डाव्या बाजूला लिहिले आणि उजव्या बाजूला शाळेतले. सगळ्यांनी दोन्ही बाजू मोठ्याने म्हटल्या. हसणाऱ्याचा आवाज सगळ्यांत मोठा होता.

आता तीच मुलगी वाचते. अजून अक्षरावर बोट ठेवून, जोडाक्षराला अडून. ती ख्रिस्ती नाही, चर्चमध्ये वाचण्याचा प्रश्न नाही. म्हणून मी तिला वर्गाच्या पुढच्या टोकाला उभी करते आणि व्हरांडा ओलांडून पिंपळाच्या पारावर जाऊन बसते. तिची आजी तिला न्यायला येते, ती त्याच पारावर बसते. परवा मुलगी वाचत होती, मी हाताने खूण केली, ऐकू येत नाही. शेजारी बसलेल्या आजीने माझा हात खाली केला. तिला ऐकू येत होतं.