३० नंबर वर चढला ती रात्र

मुंबईहून नेवार्कला तेव्हा थेट विमान जायचं. तेवढे तास बसून मी ऐन फेब्रुवारीत न्यू जर्सीत उतरलो ते एका गोलकीपरसाठी. घरी "ताईकडे चाललोय" म्हणालो होतो आणि ते खरंही होतं, पण तिकीट काढलं ते ९ फेब्रुवारी २०१६ ही तारीख धरूनच. त्या मंगळवारी बर्फावरच्या हॉकीचा संघ न्यू जर्सी डेव्हिल्स आपला जुना गोलकीपर मार्टिन ब्रोडर याचा ३० नंबर कायमचा निवृत्त करणार होता. यापुढे त्या संघात ती जर्सी कुणालाच मिळणार नव्हती.

मी खडकीचा. आमच्याकडे पोरांच्या हातात बॅटीआधी हॉकी स्टिक यायची आणि मी गोलात उभा राहायचो. पुढे नोकरीनिमित्त पाच वर्षं न्यू जर्सीतल्याच एडिसनला होतो, तेव्हा बर्फावरची हॉकी पहिल्यांदा पाहिली. पहिल्या मॅचपासून माझी नजर पकवर, म्हणजे चेंडूऐवजी असते त्या रबराच्या चकतीवर, कमी आणि ब्रोडरवर जास्त.

संध्याकाळी मेट्रोपार्क स्टेशनवरून भाच्याबरोबर गाडी पकडली. तो बारा वर्षांचा, स्वतः गोली म्हणजे गोलकीपर, जाकिटावरून लाल जर्सी चढवलेली. रॉवे, लिंडन, एलिझाबेथ, प्रत्येक स्टेशनावर डब्यात पाठीवर ३० लिहिलेली माणसं वाढत गेली. नेवार्क पेन स्टेशनला उतरलो की मैदान चालत काही मिनिटांवर. बाहेर स्टीलचा भला उंच हॉकीपटू उभा आहे, त्याच्या पायाशी फोटो काढणाऱ्यांची रांग होती. थंडी अशी की हातमोजा काढून फोन धरला तर बोटं दुखायची. रांग सोडून कुणी हललं नाही.

आत छताला आधीच तीन नंबर टांगलेले होते : स्टीव्हन्सचा ४, डॅनेकोचा ३, नीडरमायरचा २७. तिघेही बचावपटू. चौथा आला तो गोलकीपर. तोवर डेव्हिल्सनी एकाही आक्रमकाचा नंबर निवृत्त केलेला नव्हता. १९९५, २००० आणि २००३ चे तीन स्टॅन्ले कप, म्हणजे लीगची विजेतेपदं, या संघानं कशाच्या जोरावर जिंकले, ते छताकडे पाहिलं की कळत होतं.

३० लिहिलेला झेंडा हळूहळू वर जायला लागला आणि सगळं स्टेडियम "मार्टी, मार्टी" म्हणून ओरडायला लागलं. माझा घसा दाटून आला होता, मला ओरडता येईना. आकडे पाठ होते, १,२६६ सामने, ६९१ विजय, १२५ वेळा समोरच्याला शून्यावर रोखलेलं. पण डोक्यात आले त्याचे वडील, डेनिस ब्रोडर. १९५६ च्या ऑलिंपिकमध्ये कॅनडासाठी गोलात उभे राहून त्यांनी कांस्यपदक मिळवलं आणि पुढे कॅमेरा घेऊन ते माँट्रियल कॅनेडियन्स या हॉकी संघाचे फोटोग्राफर झाले. २०१३ मध्ये ते गेले. हा झेंडा त्यांच्या कॅमेऱ्यातून टिपला जायला हवा होता.

भाच्याला मी मधल्या वेळेत समजावत होतो. आजचे गोली बटरफ्लाय खेळतात, म्हणजे गुडघ्यावर बसून पॅड दोन्हीकडे पसरायचे आणि खालची बाजू बंद करायची. सहा फूट बाय चार फुटांचा गोल, गोठवून टणक केलेला पक, त्याला हा शास्त्रशुद्ध उपाय. भाच्याला क्लबमध्ये तेच शिकवतात. ब्रोडर मात्र बराचसा उभ्यानं खेळायचा आणि वेळ आली की दोन्ही पॅड एकावर एक ठेवून आडवा घसरायचा. त्याचं खरं काम शॉट येण्याआधीच उरकलेलं असायचं. पक गोलामागे आला की हा बाहेर पडायचा, स्टिकनं तो आपल्या बचावपटूला द्यायचा आणि हल्ला तिथेच विरायचा. अखेर लीगनं २००५-०६ च्या मोसमापासून गोलामागे बर्फावर रेषा आखल्या. गोलरेषेच्या मागे गोलीनं पकला हात लावायचा तो फक्त त्या चौकटीत. लोक त्याला ब्रोडरचाच नियम म्हणतात.

"मामा, म्हणजे त्याच्यामुळे रूल बदलला?" भाचा मुलाखत घेतल्यासारखा विचारत होता. मी त्याला वरूनच त्या तिरक्या रेषा दाखवल्या. खडकीत आमचे सर ओरडायचे, "डी सोडून पाय लावू नकोस!" डी म्हणजे गोलासमोरचं अर्धवर्तुळ. गोली फार हुशार निघाला की त्याच्याभोवती रेषा येतेच, मग खाली माती असो की बर्फ.

सोहळा संपला, गालिचा गुंडाळला गेला, आणि त्या रात्रीचा मला सगळ्यात जवळून लक्षात राहिलेला क्षण आला. डेव्हिल्सचा तेव्हाचा गोली कोरी श्नायडर गोलात आला. गोलासमोरचा निळा पट्टा नुकताच गुळगुळीत झालेला. तो वाकून एकेक पाय आडवा नेत बर्फ खरवडायला लागला, डावीकडून उजवीकडे, परत उजवीकडून डावीकडे. पांढरा भुगा उडत होता. घसरू नये, पकड मिळावी म्हणून सगळेच गोली हे करतात. पण वर ब्रोडरचा झेंडा अजून हलत होता आणि खाली हा माणूस एकटा, मान खाली घालून, आपली जागा तयार करत होता. समोर एडमंटनचा संघ, त्यांच्याकडे १९ वर्षांचा आक्रमक कॉनर मॅकडेव्हिड. अशा रात्री गोलात उभं राहणं किती जड असतं हे ज्यानं पॅड बांधलेत त्यालाच कळेल. प्रत्येक अडवलेला पक लोक दुसऱ्याच कुणाशी ताडून बघणार. भाषणं, चित्रफिती सगळं छान होतं, पण मला विचाराल तर त्या रात्री ब्रोडरला खरा मान दिला तो श्नायडरनं. त्यानं एकच गोल सोडला. डेव्हिल्स २-१ नं जिंकले.

परतीच्या गाडीत जागा मिळाली नाही. भाचा दाराजवळ खांबाला धरून उभा होता, डोळे मिटत होते. एलिझाबेथ गेल्यावर म्हणाला, "मामा, उद्या प्रॅक्टिसला येशील? गोलामागे जाऊन पक कसा द्यायचा ते बघायचंय." मी हो म्हणालो. सकाळी सहाची प्रॅक्टिस होती. ताईनं आम्हाला पावणेसहाला रिंकवर सोडलं.