यंदा लेडीज द्यायची होती

मंगळवार, रात्री पावणेबारा

झोप येत नाही म्हणून लिहायला बसलोय. आज प्रमोशनची पत्रं निघाली. क्वालिटीच्या डेप्युटी मॅनेजरची जागा एप्रिलपासून रिकामी होती, तीही भरली. माझ्या नावाचं पत्र नव्हतं.

साताऱ्याच्या एमआयडीसीत या कंपनीत मला अठरा वर्षं झाली. गाड्यांना लागणारे ॲल्युमिनियमचे पार्ट आम्ही मशिनिंग करून देतो. कऱ्हाडला डिप्लोमा करून ट्रेनी म्हणून लागलो, तेव्हा शेडला पत्रे होते आणि पावसाळ्यात मोजमापाच्या गेजवर प्लास्टिक अंथरावं लागायचं. तिथून कस्टमरच्या ऑडिटला एकटा सामोरा जाण्यापर्यंत आलो. ही जागा माझी, असं मी धरून चाललो होतो. घरातही तसंच धरलं होतं.

एचआरच्या साहेबांकडे गेलो. त्यांनी दार लोटून घेतलं आणि आवाज खाली आणून म्हणाले, “तुमचं काम उत्तमच आहे हो. पण वरून आलं होतं, यंदा लेडीज द्यायची होती. डायव्हर्सिटीचा आकडा दाखवावा लागतो. तुमचं पुढच्या वर्षी बघू.” चहा मागवला त्यांनी. मी तो तसाच ठेवून उठलो.

येताना पोवई नाक्याच्या भुयारी ग्रेड सेपरेटरमध्ये गाडी घातली आणि कुठल्या तोंडाने बाहेर पडायचं हेच क्षणभर सुचेना. रोजचा रस्ता आहे माझा.

बायकोला सांगितलं. ती एवढंच म्हणाली, “आधी जेवून घ्या.”

खरं ते लिहितो. राग आला तो त्या मॅडमवर. माझ्यानंतर चार वर्षांनी लागलेली, मायक्रोमीटर कसा धरायचा हे मी दाखवलेली मुलगी. आज संध्याकाळी तिच्या टेबलावर पुष्पगुच्छ होता, साहेब लोक बाजूला उभे राहून फोटो काढत होते. मी लांबूनच टाळ्या वाजवल्या आणि बस चुकेल असं सांगून निघालो. मी बसने येत नाही.

बुधवार

कँटीनमध्ये दुसरा विषय नव्हता. “मेरिटला आता किंमत राहिली नाही.” “बाईमाणूस असतं तर बरं झालं असतं.” माझ्या बाजूनेच बोलत होते सगळे. पाठीवर हात ठेवत होते. पहिली पाच मिनिटं बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

मग गाडी आरक्षणावर गेली. ती जातेच. आमची कंपनी खाजगी, इथे भरतीत आरक्षण नाही आणि बढतीत तर नाहीच. अनुसूचित जाती-जमातींना पदोन्नतीत आरक्षण देण्याची तरतूद १९९५ च्या ७७ व्या घटनादुरुस्तीने आली, ती सरकारी नोकरीपुरती. त्यावरही कोर्टकचेऱ्या आजतागायत चालू आहेत. पण कँटीनमध्ये हे कोण ऐकून घेतो? “सगळीकडे कोटाच झालाय,” असं कुणीतरी म्हणालं आणि आमच्या टेबलाच्या टोकाला बसलेल्या स्टोअर्समधल्या एकाने मान खाली घालून पटापट भात संपवला. वीस वर्षं आहे तो इथे. डोळे मिटून रॅक नंबर सांगतो. वीस वर्षांत त्याची एकच पायरी वर सरकली आहे, आणि ती कुठल्या कोट्यातून नव्हती. डबा धुवायला तो आमच्या आधी उठला. मला त्याला हाक मारायची होती, मारली नाही.

मी प्रतापसिंह हायस्कूलचा विद्यार्थी. ७ नोव्हेंबर १९०० ला बाबासाहेबांचं नाव ज्या शाळेच्या पटावर लागलं ती ही शाळा. दरवर्षी त्या दिवशी आम्हाला रजिस्टरची गोष्ट सांगायचे, आम्ही टाळ्या वाजवायचो. वर्गाबाहेर बसायला लागणाऱ्या मुलाचं मेरिट तेव्हा कुणी कसं मोजलं असेल, हा प्रश्न शाळेत असताना मला एकदाही पडला नाही. आज जेवताना पडला.

आणखी एक गोष्ट दुपारभर डोक्यात घोळत राहिली. मला डावलण्याची ही तिसरी वेळ आहे. पहिल्यांदा त्या वेळच्या मॅनेजरच्या गावचा, त्यांच्याच कॉलेजचा माणूस बसवला. दुसऱ्यांदा दुसऱ्या प्लँटमधून एकाला आणलं, कारण तिथे त्याचं कुणाशी पटत नव्हतं. दोन्ही वेळा कँटीनमध्ये सगळे म्हणाले, “चालायचंच.” मेरिट हा शब्द दोन्ही वेळा कुणाच्या तोंडी आला नाही. माझ्याही नाही.

गुरुवार, रात्री

मॅडम आज स्वतःहून आल्या. शिफ्ट सुटल्यावर, सीएमएमच्या, म्हणजे पार्ट मोजायच्या मशीनच्या खोलीत. तिथे एसी असतो आणि मशीन चालू असलं की बाहेर ऐकू जात नाही.

“सर, तुम्हाला काय कारण सांगितलं?”

सांगावं की नाही, कळेना. शेवटी सांगितलं, जसंच्या तसं. त्यांना वाईट वाटलेलं दिसलं, पण आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही. म्हणाल्या, “मला सांगितलं, महिला म्हणून संधी दिलीय, आता सिद्ध करून दाखवा. चौदा वर्षांनी, सर. अजून सिद्धच करायचंय?”

काय बोलणार मी? मग त्या म्हणाल्या, “बोअरची कम्प्लेंट आठवते तुम्हाला?”

आठवते म्हणजे काय. कस्टमरकडे बेअरिंग जाम बसत होतं, बोअर, म्हणजे ते बसायचं भोक, लहान भरत होता. आमच्या रेकॉर्डला प्रत्येक पीस ओके. दुसऱ्या शिफ्टच्याच मालात हे व्हायचं, म्हणून सगळ्यांनी दुसऱ्या शिफ्टच्या ऑपरेटरला धारेवर धरलं. त्याला घरी पाठवायची तयारी झाली होती. ही बाई दोन दिवस लाईनवर नुसती उभी राहिली. पहिल्या शिफ्टला पीस वॉशिंग मशीनमधून निघून अर्धा तास रॅकवर पडून राहायचे. दुसऱ्या शिफ्टला डिस्पॅचची घाई, म्हणून गरम पाण्यातून निघालेला पीस तसाच गेजवर चढायचा. ॲल्युमिनियम मीटरमागे दर अंशाला साधारण २३ मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचे २३ हजारांश, वाढतं. ६० मिलिमीटरचा बोअर १५ अंशांनी गरम असेल तर वीसेक मायक्रॉन मोठा दिसतो, आणि आमचा अख्खा टॉलरन्स, म्हणजे मापात चालणारा फरक, ३० मायक्रॉनचा! गरम असताना ओके दिसलेला पीस कस्टमरकडे पोहोचेपर्यंत थंड होऊन लहान झालेला असायचा. मोजमापाचं प्रमाण तापमान २० अंश, हे आम्ही सगळेच शिकलो होतो. लाईनवर जाऊन पिसाला हात लावून बघितला तो तिने एकटीने. ऑपरेटरची नोकरी वाचली, कस्टमर राहिला.

त्या रिपोर्टवर टीम लीडर म्हणून माझं नाव गेलं. प्रेझेंटेशन मी केलं. त्या वर्षी चांगलं इन्क्रीमेंट मला मिळालं.

त्यांनी यातलं काहीही बोलून दाखवलं नाही. फक्त आठवण काढली आणि मशीन बंद करून निघून गेल्या.

रविवार

सकाळी अजिंक्यताऱ्यावर गेलो. वर ढग उतरले होते, खालचं गाव दिसत नव्हतं. परत आलो तर भाची आलेली, ती वकिलीचं शिक्षण घेतेय. ताईकडून तिला कळलेलं दिसलं. “मामा, चिडलायस ना?” म्हणाली आणि उत्तराची वाट न बघता मोबाईल पुढे केला.

सर्वोच्च न्यायालयाचा निकाल होता, लेफ्टनंट कर्नल नितीशा यांच्या याचिकेवरचा, २५ मार्च २०२१ चा. लष्करातल्या महिला अधिकाऱ्यांना स्थायी नेमणूक द्या, हे न्यायालयाने आदल्या वर्षी फेब्रुवारीत सांगितलं होतं. मग प्रत्यक्ष निवड करायला बसले तेव्हा त्यांचे जुने गोपनीय अहवाल काढले. या बायकांना स्थायी नेमणूक मिळणारच नाही असं गृहीत धरलेल्या काळात ते अहवाल लिहिलेले. त्यांना पुढे काही मिळायचंच नाही, मग शेरा चांगला काय आणि साधा काय, अशा वृत्तीने. आणि पुढे त्याच अहवालांवरून त्यांची पात्रता ठरवली. नियम वरून सगळ्यांना सारखा, पण फटका एकाच बाजूला बसणारा. याला अप्रत्यक्ष भेदभाव म्हणतात, असं न्यायालयाने स्पष्ट लिहिलं.

भाची आणखी बरंच सांगत होती. १९७६ च्या समान वेतन कायद्यात भेदभावाचं कलम आधी भरतीपुरतंच होतं, बढती, प्रशिक्षण, बदली हे त्यात १९८७ च्या दुरुस्तीने आलं, असं काय काय. माझं लक्ष नव्हतं. मला माझं स्वतःचं अक्षर दिसायला लागलं होतं.

मॅडमचे अप्रायझलचे फॉर्म सहा वर्षं मी भरले आहेत. त्यात एक रकाना आहे, ‘तिन्ही शिफ्ट स्वतंत्रपणे सांभाळण्याची क्षमता’, दहा मार्कांचा. दरवर्षी मी त्यांना दोन दिले. त्या लागल्या तेव्हा कारखाना कायद्याच्या ६६ व्या कलमाने बाईला सकाळी ६ ते संध्याकाळी ७ एवढ्याच वेळेत कामावर ठेवता येत होतं. जी गोष्ट कायद्यानेच करता येत नव्हती तिचे मार्क मी कापत होतो, आणि मला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. २०१५ मध्ये महाराष्ट्राने कायदा बदलला, सुरक्षितता, वाहतूक वगैरे अटी पाळल्या तर रात्रपाळी देता येऊ लागली. आमच्याकडे गाडीची सोय झाली नाही. रकाना तसाच राहिला, दोन मार्कही तसेच राहिले.

बाळंतपणाची रजा घेतली त्या वर्षी शेरा लिहिला, ‘समाधानकारक’. सगळ्यात खालून दुसरा. वर्षातला जेवढा काळ त्या कामावर होत्या, तेवढ्यात त्यांनी पूर्ण केलेली गेजची कॅलिब्रेशन यादी अजून आम्ही वापरतो. मी विचारच केला नव्हता. त्या कुठे पुढच्या जागेसाठी आहेत, असं मनात धरून पंधरा मिनिटांत फॉर्म उरकायचो.

मला अजूनही वाटतं की ही जागा मला मिळायला हवी होती. कस्टमरची ऑडिटं, सप्लायरची डोकेदुखी, रात्री दोनला आलेले फोन, हे सगळं मीच केलं आहे आणि ते कमी नाही. दोघांचं काम खरंच समोरासमोर ठेवून तोललं असतं तर कदाचित माझं पारडं जड झालं असतं, कदाचित त्यांचं. पण तोललंच नाही कुणी. मला म्हणाले बाई हवी होती, तिला म्हणाले बाई म्हणून दिलंय. तिच्या चौदा वर्षांवर आणि माझ्या अठरा वर्षांवर एकाच वाक्याने पाणी फिरवलं, आणि डायव्हर्सिटी या शब्दालाही बट्टा लावला. आता प्लँटमधल्या प्रत्येक मुलीकडे लोक त्याच नजरेने बघणार. त्या क्वालिटीच्या पहिल्या बाई डेप्युटी मॅनेजर आहेत. सोमवारी लाईनवर त्यांनी माल होल्डवर टाकला, की प्रॉडक्शनवाले काय म्हणतील हे मला आत्ताच ऐकू येतंय. मला हे सहन होत नाही. माझं प्रमोशन गेल्याचं जेवढं लागलंय तेवढंच हेही लागलंय, आणि लिहिता लिहिता माझ्या लक्षात येतंय की मंगळवारी असं नव्हतं.

रविवार, रात्री

अर्ज लिहिला. तीन वेळा फाडला, चौथ्यांदा जमला.

पहिलं, या पदासाठी कोणते निकष लावले आणि त्यात मला किती गुण मिळाले ते लेखी कळवावं. दुसरं, पुढच्या जागेसाठीचे निकष भरतीच्या आधी नोटीस बोर्डावर लावावेत. तिसरं, तिन्ही शिफ्टचा रकाना सर्वांसाठी काढावा, नाहीतर रात्रीच्या गाडीची सोय करावी. चौथं, बोअरच्या कम्प्लेंटचं मूळ कारण शोधण्याचं काम मॅडमचं होतं, रिपोर्टवर तशी दुरुस्ती व्हावी, मी लेखी द्यायला तयार आहे.

बायकोने वाचला. चौथ्या मुद्द्यावर थांबली. “याने तुमचं नुकसान होईल.”

“होऊ दे.”

“मग पहिला मुद्दा शेवटी टाका. नाहीतर त्यांना वाटेल, फक्त स्वतःसाठी लिहिलंय.”

तसा क्रम बदलून पुन्हा उतरवून काढला. मॅडमना आधी विचारायला हवं हेही तिनेच सुचवलं. फोन केला. त्या बराच वेळ बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या, “तारीख तपासा सर, रिपोर्ट ऑगस्टचा आहे, तुम्ही जुलै लिहिलं असेल.” जुलैच लिहिलं होतं. दुरुस्त केलं.

उद्या देणार. मेलवर नाही, कागदावर, दोन प्रतींत. एका प्रतीवर पोच घेणार.