टामालेला उतरलात म्हणजे गावात पोचलात असं नव्हे

उत्तर घानात स्वयंसेवक म्हणून निघालेल्यांना बऱ्याचदा सांगितलं जातं, की टामाले या तिथल्या मोठ्या शहराहून गावाकडे रोज गाडी मिळते. यावर विसंबू नका. राजधानी अक्रा ते टामाले हे सुमारे ६०० किलोमीटर काहीच नाहीत. कुमासीमार्गे बस बारा-चौदा तासांत आणून सोडते, विमानाला तासभर पुरतो. माणूस मोडतो तो त्यापुढच्या तीस-चाळीस किलोमीटरांत.

गावाकडची ट्रोट्रो, म्हणजे जुनी व्हॅन, वेळ बघून सुटत नाही, भरली की सुटते. आणि भरते बाजाराच्या दिवशी. आपला आठवडी बाजार वाराला बांधलेला असतो. टामालेच्या आसपासच्या डागोम्बा लोकांच्या मुलखातला बाजार दर सहा दिवसांनी भरतो. आज सोमवारी असेल तर पुढचा रविवारी, त्यापुढचा शनिवारी. त्यामुळे ‘बाजार कोणत्या वारी?’ हा प्रश्नच चुकीचा. मागचा बाजार कधी झाला ते गावच्या माणसाला फोनवर विचारा आणि सहा दिवस मोजा. इतर दिवशी जायचंच असेल तर सकाळी सहाला ट्रोट्रोच्या स्टेशनवर हजर राहा. दुपारनंतर निघू नका. तिथे बारा महिने संध्याकाळी सहाच्या आसपास अंधार पडतो, आणि अंधारात लाल मुरमाच्या रस्त्यावर गाडी बंद पडली की मागून दुसरी येत नाही.

खरी लूट सामानावर होते. बॅग टपावर गेली की हमाल सांगेल तो आकडा. म्हणून बॅग हातात असतानाच ठरवा, आणि पुढच्या बाईने तिच्या पोत्याचे किती दिले ते बघा. माणसाच्या भाड्याच्या निम्म्याहून जास्त एका बॅगेला देऊ नका. चाकांची मोठी सुटकेस तर आणूच नका; शेवटचा टप्पा मोटरकिंगवर, म्हणजे मोटरसायकलला जोडलेल्या तीनचाकी हौद्यात झाला, तर ती बांधताही येत नाही. दोन मऊ सॅक आणा, दोन्ही प्लास्टिकच्या गोणीत घाला. नोव्हेंबर ते मार्च हरमॅटन वाऱ्याची धूळ चेनमधून आत शिरते, पावसाळ्यात चिखल. शहरात टॅक्सीत बसण्याआधी ‘नो ड्रॉपिंग’ म्हणा. नाहीतर अख्खी टॅक्सी तुम्ही केली असं धरून सगळ्या सीटांचे पैसे मागतात.

मच्छरदाणी आणि दोरी हातातल्या पिशवीत हवी, सॅकच्या तळाशी नको. पहिल्याच रात्री ती लागते, आणि तिथला मलेरिया फाल्सिपॅरम या सर्वांत घातक जातीचा, क्लोरोक्विन या जुन्या औषधाला न जुमानणारा. अॅटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल ही मलेरिया टाळायची गोळी निघण्याच्या एक-दोन दिवस आधी सुरू करून परतल्यावर सात दिवस घ्यायची असते. डॉक्सिसायक्लिन परतल्यावर चार आठवडे. गोळी कोणती ते डॉक्टर ठरवतील, पण ‘तिकडे गेल्यावर बघू’ हे धोक्याचं आहे. पीतज्वराची लस किमान दहा दिवस आधी. तिचं कार्ड परतीलाही जपा. ते नसेल तर भारतात उतरल्यावर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. डिसेंबर ते जून जाणार असाल तर मेनिंजायटिसचीही लस घ्या.

पाण्याच्या अर्ध्या लिटरच्या तीस पिशव्यांचं पोतं मिळतं, एकाला तीन-चार दिवस पुरतं. ते शेवटच्या मोठ्या गावात घ्या. बंधाऱ्याच्या पाण्यात उतरू नका, बिल्हार्झिया हा कातडीतून शिरणाऱ्या जंतांचा आजार होतो. चार्जरला ब्रिटिश पद्धतीचा चौकोनी तीन पिनांचा अॅडॅप्टर लागतो, आपली गोल पिन बहुतेक ठिकाणी बसत नाही.

शाकाहारींनी ‘मीट नको’ एवढ्यावर थांबू नये. रश्शात सुक्या माशाची पूड असते, ‘फिशही नको’ हे वेगळं सांगावं लागतं.

कामाला लागण्याआधी गावच्या नाआला, म्हणजे प्रमुखाला भेटायचं. एकट्याने जाऊ नका, यजमानाला सोबत घ्या. चपला बाहेर, उकिडवं बसायचं, डावा हात पुढे करायचा नाही. सकाळचा नमस्कार ‘दसिबा’, उत्तर ‘नाआ’. आपल्याकडे पानसुपारी तशी तिथे भेट म्हणून कोला झाडाच्या कडवट बिया. त्या टामालेच्या बाजारातच घ्या, ताज्या आणि कडक बघून.