काचेची खोली आणि जमिनीखालचा पाइप

इंग्लंडमधल्या आमच्या जोडघरामागे काचेची पारंपरिक बागखोली, म्हणजे कन्झर्व्हेटरी, बांधायची ठरल्यावर सर्वांनी मला कौन्सिलची भीती घातली होती. तो भाग बिनबोभाट पार पडला, कारण जोडघराच्या मागे 3 मीटरपर्यंतचे एकमजली बांधकाम उंची वगैरे अटी पाळून वेगळ्या परवानगीशिवाय करता येते. घोडे अडले ते पाणी कंपनीच्या दारात.

1 ऑक्टोबर 2011 रोजी, एकाहून अधिक घरांचे सांडपाणी वाहणारे बहुतेक खासगी पाइप इंग्लंड व वेल्समध्ये कंपन्यांच्या मालकीचे झाले. आमच्या परसातून जाणाऱ्या पाइपमध्ये शेजारचेही पाणी येत असल्याने त्याच्यापासून 3 मीटरच्या आत पाया खणण्यासाठी कंपनीची संमती घेणे भाग होते. अर्जासोबत नकाशा दिला, तर पाइपची खोली विचारली. खोली कळवली, तर कॅमेरा तपासणी मागितली. जो पाइप माझा नाही, त्याची तपासणी मात्र माझ्या खर्चाने! गंजलेले झाकण पहारीने उचकटून कॅमेरा आत सोडला, तेव्हा मातीच्या पाइपच्या सांध्यातून आत शिरलेली केसांसारखी मुळे पडद्यावर दिसली. त्यावरून पुन्हा नवे प्रश्न निघाले, आणि दर फोनला नवा माणूस अत्यंत नम्रपणे तीच माहिती पहिल्यापासून विचारत असे. तोवर लाकडी चौकटी प्रायमर लावून सुताराकडे पडून होत्या. म्हणून माझे सांगणे असे, की काचेचा नमुना निवडण्याआधी मॅनहोलचे झाकण कुठे आहे ते पाहावे.

घर आणि बागखोली यांच्यामधले बाहेरच्या दर्जाचे दार काढू नये आणि घराची हीटिंग आत ओढू नये. क्षेत्रफळ 30 चौरस मीटरच्या आत असले, तरी या अटी मोडल्यास इमारत नियमांतली सूट जाते. खालच्या बाजूची काच मात्र सूट असूनही सुरक्षा काचच हवी.

अखेर संमती आली, पण पायाचा भार पाइपवर येऊ नये म्हणून पाया पाइपच्या तळाखाली नेण्याच्या अटीवर. तो शेजारच्या पायापेक्षा खोल जाणार असल्याने 1996 च्या सामाईक भिंत कायद्यानुसार महिनाभर आधी नोटीस देणेही ओघाने आले. शेजारीणबाईंनी ती त्याच संध्याकाळी सही करून परत केली. आपले सांडपाणी आमच्या परसातून जाते, हे त्यांना त्या नोटिशीमुळेच कळले.